पास झालेलं झाड

“चार पानं म्हन्ते अन् दहा तोडते. पोलिसाले बी एवढा पंचनामा नाही लागत, बाप्पा.”

कौसल्या स्टुलावर चढून अर्धीअधिक संत्र्याच्या फांद्यांत शिरली होती. खालून खाटेवरून आलेलं हे पुटपुटणं तिला उद्देशून नव्हतं, तिच्या कानांवर पडावं एवढ्यासाठीच होतं. बापूजींची ही जुनी रीत. बोलायचं झाडाशी आणि ऐकायचं लेकीनं.

“सहाच तोडली,” ती पानांतूनच म्हणाली.

“मले मोजता येत नाही का? कळ्या धरायच्या दिवसांत झाडाले हात लावत नसते कोनी. सांगजो तुह्या सायबाले, झाड म्हंजे काही पंगत नाही होय, का आलं कोनी अन् बसलं.”

“सांगते.”

“अन् निकाल आला का आधी मले सांगजो. पास का नापास.”

“आजपर्यंत कधी नापास झालं का तुमचं झाड?”

त्यावर बापूजींनी टोपी सारखी केली. तक्रार तिथंच संपली. ते ऐकण्यासाठीच ती सुरू झाली होती.

नागपूरच्या कडेला हुडकेश्वरला कौसल्यानं आणि तिच्या नवऱ्यानं प्लॉट घेतला तेव्हा रस्ता नव्हता, शेजार नव्हता, रात्री कोल्हे ओरडायचे. घराच्या वास्तुपूजेला माहेरचा आहेर म्हणून साडी येईल अशी सगळ्यांची अपेक्षा. बापूजी आले ते ओल्या पोत्यात गुंडाळलेलं संत्र्याचं कलम घेऊन. सासूबाईंनी तोंड फिरवलं. बापूजींनी मात्र पाहुण्यांच्या जेवणाआधी खड्डा खणला, कलम लावलं आणि मगच हात धुऊन पानावर बसले. जन्मभर काटोलकडच्या नर्सऱ्यांत त्यांनी हेच केलं होतं. जंबेरी लिंबाच्या रोपाला चीर द्यायची, चांगल्या झाडावरून सालीसकट काढलेला संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंब, त्यात बसवायचा, पट्टी गुंडाळायची, की पुढचं रोप. हे कलम त्यांनी डोळ्यांत मोतीबिंदू उतरायच्या आधी बांधलेलं, अगदी शेवटच्यापैकी. आई गेल्यावर ते लेकीकडे राहायला आले आणि झाडाखाली खाट टाकून बसले, ते अजून तिथंच. कलमाचा चाकू अजून सदऱ्याच्या खिशात असे. त्या चाकूनं ते सुपारी कातरत नसत, आंबा कापत नसत. तो चाकू फक्त झाडाचा.

आणि या झाडाची कीर्ती झाली ती लेकीच्या नोकरीमुळे.

कौसल्या शेतकी कॉलेजातल्या फळझाडांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत तंत्रसहायक होती. तिथं कुठल्याही बागेतलं आजारी पान तपासायचं, तर शेजारी एक निरोगी पानही तपासावं लागतं. नाहीतर कळणार कसं, की आजार आहे तो कशाच्या तुलनेत? अगदी सुरुवातीला एकदा निरोगी पान मिळेना, म्हणून कौसल्यानं घरच्या झाडाचं आणून दिलं. झाड हिरवंगार, पानावर डाग नाही, फळ लिंबाएवढं राहून गळालं असं कधी झालं नाही. मग तीच पद्धत पडली. प्रयोगशाळेत ‘हुडकेश्वर’ म्हटलं, की निरोगी नमुना. मुलं शिकून गेली, नवी आली, ‘हुडकेश्वर’ कायम. बापूजी दूधवाल्यालाही सांगायचे, “नागपुरातल्या साऱ्या झाडायचे पेपर माह्या झाडाच्या उत्तरपत्रिकेवरून तपासतेत.”

दुसरी कीर्ती कौसल्याच्या हाताची. विषाणूचा आरएनए ही मोठी तुसडी चीज. उघड्या बोटाचा घाम लागला की संपला, खलाला आधीच्या पानाचा कण राहिला की सगळी गफलत. कौसल्या बांगड्या काढून ठेवी, हातमोजे चढवी, खलात पान टाकून वरून द्रवरूप नायट्रोजन ओती आणि पांढऱ्या वाफेत पानाची अशी पिठी करी, की नवी मुलं दारात उभी राहून बघत. बांगड्या काढण्यावरून सासूबाईंनी हयातभर बोलून घेतलं. पण प्रयोगशाळेत काही बिनसलं, तर विभागप्रमुख श्रीधर सर पहिल्यांदा विचारत, “दळण कुणाचं होतं?” आणि “ताईंचं” असं उत्तर आलं, की म्हणत, “मग चूक दुसरीकडे शोधा.”

कौसल्याला दुसरी कुठली पदवी नव्हती. ही पुरेशी होती.

त्या हिवाळ्यात बागांतून वेगळीच पानं यायला लागली. पानांवर फिकट वर्तुळं, कुणी ओली बांगडी टेकवून उचलल्यासारखी. माहीत असलेल्या सगळ्या रोगांच्या चाचण्या कोऱ्या आल्या. तेव्हा नूपुर मॅडमनी जाहीर केलं, की आता अंदाज पुरे, जे काही असेल त्याचं अक्षर न् अक्षर वाचायचं. नूपुर मॅडम नव्या, वयानं कौसल्याच्या लेकीएवढ्या, आणि चालायच्या अशा, की मागून येणाऱ्याला पळावं लागे. त्यांनी स्टेपलरएवढं एक यंत्र मागवलं होतं. ते लॅपटॉपला जोडायचं, पानातून काढलेल्या आरएनएची प्रत त्यात थेंबभर सोडायची, आणि यंत्र ती अक्षरं वाचत सुटतं. अक्षरं चारच. पण त्यांच्या रांगेत त्या विषाणूची अख्खी कुंडली.

पहिल्या वाचनाच्या दुपारी प्रयोगशाळेत कुणी जेवलं नाही. पडद्यावर अक्षरांचे तुकडे पडत होते आणि नूपुर मॅडम ते जुळवत होत्या, फाटलेली नोट जुळवावी तसे. “ताई, या ना! सर! भूमिका, अगं ये पटकन!”

सगळे लॅपटॉपभोवती गोळा झाले.

“आजारी पानात एक विषाणू आहे. पूर्ण सापडला, डोक्यापासून शेपटीपर्यंत. आणि हा कुठल्याच जुन्या विषाणूशी नीट जुळत नाहीये.”

“म्हंजे नवा?” नवी प्रकल्प सहायक भूमिका ओरडलीच. ती जरीपटक्याच्या बाजारातली, आवाजही मूळचा तिथलाच. “मॅडम, सच्ची? आपण शोधला?”

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. कौसल्या आणखी जवळ सरकली. तिनं दळलेल्या पिठीतून हे निघालं होतं. इतकी वर्षं पानं दळली, पण आत काय लिहिलंय ते कुणी असं समोर मांडून दाखवलं नव्हतं.

“आता निरोगी बघू,” नूपुर मॅडम म्हणाल्या. “तो कोराच असणार.”

त्यांनी बटण दाबलं. थोड्या वेळानं पुन्हा दाबलं.

‘हुडकेश्वर’मध्येही विषाणू होता.

मग जे झालं, ते कौसल्या पुढं बरेच दिवस मनात घोळवत राहिली. सगळ्यांनी काही झालंच नाही असं दाखवलं. सर म्हणाले, “किट जुनं असेल.” नूपुर मॅडम म्हणाल्या, “यंत्रातच होते कधीकधी सरमिसळ.” भूमिका म्हणाली, “सकाळी लाइट गेली होती ना, त्याच्यानं.” प्रत्येकाकडे एकेक आरोपी तयार होता. खलाकडे मात्र कुणीही बघितलं नाही. इतक्या कटाक्षानं बघितलं नाही, की शेवटी कौसल्यानंच बघितलं.

दुसऱ्या दिवशी सर मुद्दाम तिच्या टेबलापाशी आले. “ताई, पुढचं दळण भूमिका करेल. तिलाही सवय व्हायला हवी. तुम्ही जरा आराम करा.”

सरांना तिच्या आरामाची काळजी आजवर कधी वाटली नव्हती. ती “हो सर” म्हणाली आणि धुतलेले खल पुन्हा धुवायला घेतले.

घरी बापूजी वाटच बघत होते. “काय वं कौसू, पास?”

“नाही आला अजून निकाल.”

“एवढा टाइम? बोर्डाची परीक्षा होय का?”

“पुन्हा करून राहिले ते.”

“काहून?”

“असंच. पक्कं कराले.”

“पाह्य ना,” बापूजी झाडाला म्हणाले, “पह्यला नंबर आला का दोनदा तपासतेत. जळतेत लोकं.”

ती स्वयंपाकघरात आली, पोळ्या लाटायला घेतल्या. नवरा रेल्वेत गार्ड, त्या दिवशी इटारसीला गेलेला, त्यामुळे बोलायला कुणी नव्हतं आणि विचार करायला मुबलक जागा होती. विचार सरळ होता. निरोगी पानात विषाणू सापडला, तर वाटा दोनच. एक तर तिच्या हातून आजारी पानाचा कण निरोगी खलात गेला. नाहीतर तो झाडातच होता. हात नासका, नाहीतर झाड. दोन्ही कसे चांगले निघतील यासाठी तिनं डोकं खूप चालवलं, तिसरी वाट सापडेना.

आणि मग तिला स्वतःचीच गंमत कळली. मघापासून आपण देवघराकडे बघत मनात काहीतरी म्हणतोय, ते काय म्हणतोय? झाडात निघू दे. देवा, झाडातच निघू दे.

खिडकीतून बापूजी दिसत होते. झाडाच्या बुंध्यावरून अंगठा फिरवत होते, नातवाच्या पाठीवरून फिरवावा तसा. तव्यावरची पोळी करपली. ती तिनं स्वतःच्या ताटात घेतली.

दुसऱ्या फेरीसाठी नूपुर मॅडम स्वतः स्कूटीनं पानं न्यायला आल्या. बापूजींनी त्यांना चहा पाजला, कलमाचा इतिहास ऐकवला आणि “तुमी तरी मोजून तोडता,” असं लेकीकडे बघत प्रशस्तिपत्र दिलं. भूमिकानं वेगळ्या खोलीत, नव्या खलात दळलं. फक्त निरोगी पान. आजारी पान त्या दिवशी इमारतीतच आणलं नव्हतं. कौसल्या काचेबाहेर उभी होती. हात कुठं ठेवावेत ते तिला कळत नव्हतं, म्हणून तिनं ते कोटाच्या खिशात घातले होते.

दुपारी निकाल लागला. विषाणू होताच.

“काकू, आई शप्पथ, मी तर मोजे पण तीनदा बदलवले!” भूमिका रडवेली झाली.

“थांब,” नूपुर मॅडम म्हणाल्या. “थांबा सगळे. कुणी बोलू नका.”

त्यांनी पडद्यावर दोन ओळी मांडल्या. वरती आजारी बागेतला विषाणू, खालती हुडकेश्वरचा. दोन्हींतली अक्षरं एकाखाली एक लावली आणि जिथं फरक तिथं लाल रंग भरायला लावला. पडदा घसरत गेला आणि त्यावर गोवर उठावा तसे लाल ठिपके उठत गेले.

“हे बघा. आजारी पानाचा कण इकडे आला असता, तर अक्षरं तीच असती. तंतोतंत. ही ती नाहीत. पहिल्या वेळची हुडकेश्वरची रांग पण अशीच होती. तेव्हाही फरक होता, मी नीट बघितलंच नाही!” त्यांनी कपाळावर हात मारला. “ताई, ही सरमिसळ नाहीच. हा त्याचा चुलत भाऊ आहे. वेगळा. मूळचा तिथलाच.”

कौसल्यानं खिशातून हात बाहेर काढले.

“पण मग झाड आजारी का नाही दिसत?” सर पुढं सरकले. उजेड पडावा म्हणून त्यांनी खिडकीचा पडदा ओढला, तो निसटून खाली आला, कुणाचं लक्ष नव्हतं.

“तेच बघते. याची प्रोटीनं काढू. कुठल्या अक्षरापासून प्रोटीन सुरू होतं आणि कुठं थांबतं, ते अक्षरांतच लिहिलेलं असतं. तीन अक्षरं घ्यायची, एक मणी. पुढची तीन, पुढचा मणी...”

“गजऱ्यासारखं,” कौसल्या पटकन बोलून गेली. “तीन कळ्या, एक गाठ.”

“हो! आणि दोरा कुठं तोडायचा, तेही तीन अक्षरांनीच कळतं.” नूपुर मॅडमची बोटं चालली होती. “हा सगळ्यात लांब गजरा. हा विषाणूच्या प्रती काढतो. दोघांत सारखाच. हा अंगावरचा कोट. सारखा. हा पेशीपेशींमधली दारं उघडणारा. सारखा. आणि हा छोटा...” त्या थबकल्या. खुर्चीवरून उठल्या. “अगं बाई.”

“काय? काय झालं मॅडम?”

“हा छोटा आजारी बागेत पूर्ण आहे. आणि हुडकेश्वरमध्ये बघा, एकच अक्षर बदललंय आणि तिथं ‘थांब’ असं तयार झालंय. दोरा मध्येच तुटला! गजरा अर्धाच!” त्या आता अक्षरशः नाचत होत्या. “सर, अशी छोटी प्रोटीनं काय करतात? झाडाच्या पहारेकऱ्याला झोपवतात. हे अर्धंच राहिलं, तर पहारेकरी जागा! विषाणू घरात आहे, पण चोरी करू शकत नाही. म्हणून पानावर डाग नाही!” मग स्वतःलाच आवरत म्हणाल्या, “म्हणजे, हा अंदाज हं. संगणकाचा. सिद्ध करायला वर्ष जाईल. पण सर!”

सर खुर्चीत बसले होते आणि दोन्ही हातांनी डोकं धरून हसत होते. “गरीब विषाणू! अहो, नव्या कलमांना हा आधीच दिला, तर तो भयंकर भाऊ आत शिरणार नाही कदाचित. लस टोचल्यासारखं! भूमिका, सांबारवडी आण सगळ्यांना. तर्री जास्त सांग. आणि एक सांगून ठेवतो,” त्यांनी आवाज चढवला, “दळण ताईंचं होतं. मी म्हणतच होतो, चूक दुसरीकडे शोधा.”

ते असं म्हणत नव्हते. पण ते क्षण असे होते, की कुणी काहीही म्हणालं असतं तरी खरं वाटलं असतं. भूमिकानं कौसल्याला मिठी मारली. “काकू, तुमचा हात एक नंबर!” कौसल्याही हसत होती, खरंच हसत होती, वीस वर्षांपूर्वी नोकरीचं पत्र आलं तेव्हा हसली होती तशी. कोथिंबीर भरलेल्या सांबारवडीचा पहिला घास तोंडात गेला आणि तेव्हा कुठं तिला आठवलं, की आपण देवाकडे जे मागितलं होतं, ते त्यानं दिलंय.

रविवारी सगळे हुडकेश्वरला आले. झाडाची डोळकाडी हवी होती, म्हणजे डोळे असलेली फांदी, कॉलेजातल्या रोपांवर बांधून बघायला. बापूजींनी धुतलेलं धोतर नेसलं होतं. दूधवाल्यालाही थांबवून घेतलं होतं, साक्षीला.

“हं, बोला मॅडम. काय निकाल?”

“आजोबा, तुमचं झाड म्हणजे खजिना आहे!” नूपुर मॅडम म्हणाल्या.

“बापूजी, असं झाड आम्ही आजवर बघितलं नव्हतं,” सर म्हणाले.

“आजोबा, तुमच्यासंग एक सेल्फी,” भूमिका म्हणाली.

“म्हंजे पास?”

“पासच्याही पुढे!” तिघं एकदमच म्हणाले आणि तिघंही झाडाच्या शेंड्याकडे बघायला लागले. शेंड्यावर काही नव्हतं. कौसल्यानं पाण्याचे ग्लास आणले, मग ट्रे आणला, मग ग्लास कमी पडले म्हणून आत गेली आणि नको तितके घेऊन आली.

बापूजी दूधवाल्याकडे बघून नुसतेच हसले. मग खिशातून चाकू काढला, धोतराला पुसला. “तुमी कोनी हात नका लावू. डोळकाडी कशी काढतेत, ते मले ठाऊक हाय.” फांदी डोळ्यांच्या अगदी जवळ ओढली. पण पातं टेकलं आणि काप असा सरळ गेला, की सालीला चर्रही झालं नाही. त्यांनी फांदी नूपुर मॅडमच्या ओंजळीत दिली.

“आता हात लागलाच हाय, तर लिंबाचा बी एक डोळा देतो तुमाले. कागदी हाय, असली.” आणि ते कोपऱ्यातल्या लिंबाकडे वळले.

“अं हं! नको!”

तिघंही एकदम ओरडले. लिंबाची फांदी बापूजींच्या एका हातात होती, चाकू दुसऱ्या.

“तो चाकू...” सर म्हणाले आणि खोकले.

“आजोबा, चाकू आधी ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवू ना,” नूपुर मॅडम हसून म्हणाल्या. “तसं काही नाही. आमच्याकडे आपली एक पद्धत असते.”

बापूजींनी लिंबाची फांदी हळूच सोडून दिली. ती वर जाऊन हलत राहिली.

“पद्धत आमची बी होती, मॅडम,” ते म्हणाले. “नर्सरीत दिवसभर या झाडावून त्या झाडावर चाकू फिरे. कोनी धूत नव्हतं. चाकू धुवाचा एकच टाइम राहे.” त्यांनी तिघांकडे आळीपाळीनं बघितलं. “खजिना म्हन्ता. पासच्या पुढं म्हन्ता. अन् चाकू धुवाले सांगता. काहून?”

नूपुर मॅडम ओंजळीतल्या फांदीकडे बघत होत्या. सर चष्मा पुसत होते. भूमिकानं मोबाइल खाली घेतला. दूधवाल्याला काही कळलं नव्हतं, तरी त्यानं किटलीचं झाकण उगाच घट्ट बसवलं.

कौसल्यानं ट्रे पायरीवर ठेवला. बापूजींपाशी गेली. त्यांच्या हातातून चाकू काढून घेतला, मोजे न घालता, पात्यावरचा ओला हिरवा रस स्वतःच्या बोटांना लागू देत, आणि दुसऱ्या हातानं त्यांचा रिकामा झालेला हात धरून ठेवला.

“बिमार हाय, बापूजी,” ती म्हणाली. “आपलं झाड बिमार हाय.”